ज्याचं लाकूड, त्याची पेटी

बाबा गेले ते ढोलबंदी लागल्यावर. देवाच्या शेतात मका पेरला की तो वर येईपर्यंत आमच्या जेम्सटाउनात कुणी आवाज करत नाही. ढोल नाही, स्पीकर नाही, मयतही नाही. त्यामुळे बाबा इस्पितळाच्या शीतघरात होते आणि मी देदे आत्याच्या घरात. बाप जमिनीत जाईपर्यंत थोरल्या मुलीनं गल्लीच्या तोंडाशी असलेलं गटार ओलांडायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. थोरली म्हणजे मीच. धाकटं कुणी नाही.

घरातल्या मोठ्यांची बैठक बसली तेव्हा मी आत्याच्या मागे बसले होते. मयताला गाणं-बजावणं कुणाचं, असा विषय निघाला. ओब्लिते खाकरला. तो पूर्वी बाबांच्या हाताखाली स्पीकरच्या पेट्या करायचा, आता कारखान्यात बनलेल्या प्लास्टिकच्या पेट्या भाड्यानं देतो.

"माझ्या आहेतच की," तो म्हणाला. "हलक्या, खाली चाकं. एक माणूस ढकलत नेतो. उस्तादांसाठी भाडंसुद्धा नको मला."

"बाबांच्या मयताला प्लास्टिक वाजणार नाही," मी म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मग काय वाजणार, शोर्मे?" ओब्लिते हसत म्हणाला. "उस्तादांनी स्वतःसाठी एक तरी ठेवलीय का?"

नव्हती ठेवली. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या किनाऱ्याला पेट्या पुरवल्या. घरात रेडिओ होता तो खरवडलेला, त्याचं झाकण रबरानं बांधलेलं.

"मी बनवीन."

हे मी बोलले खरं. लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले होते, हात विसरला नव्हता. पण नी लांते काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, लगेच बाटली उचलली, जमिनीवर दारूची धार सोडली आणि म्हणाले, "ऐकलंत सगळ्यांनी? पोर बनवणार. पेट्या तयार झाल्याशिवाय माझा भाऊ जमिनीत जायचा नाही."

धार जमिनीत मुरली. मग बोललेलं परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी ओडम लाकडाच्या फळ्या आणून अंगणात उभ्या केल्या. त्या त्यांच्या पलंगाखाली किती वर्षं होत्या कोण जाणे. गडद, जड, वाळवीचा दात लागणार नाही अशा. मी एकीवर तळवा ठेवला. बाबांनी असलं लाकूड पाहिलं असतं तर आधी मुकाट्यानं पाणी प्यायले असते.

"घे," काका म्हणाले. "कंजुषी करू नकोस. जाड ठेव."

"काका, एवढं लाकूड..."

"घराचं लाकूड, घराची पेटी. मयत झालं की त्या भाड्यानं द्यायच्या. बापाचा कारखाना आहेच. तू बस तिथं. शाळा-बिळा काय, इथंही आहेत."

मला शाळा नाही, ग्रंथालय आहे. दूर उत्तरेला, तामालेला, शिक्षकांच्या कॉलेजात. वरच्या मजल्यावर एक खोली, खाली लिंबाची झाडं, आणि माझी अशी बारा-पंधरा वर्षं. काकांना ते माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं की आमच्या सगळ्या वस्तीत पेटीच्या मालकीचा वाद बाबांच्या एकाच वाक्यानं मिटतो: ज्याचं लाकूड, त्याची पेटी. कारागिरानं जीव ओतला असेल, गिऱ्हाइकानं सौदा मोडला असेल, नवरा-बायको वेगळी झाली असतील. लाकूड कुणाचं एवढंच विचारायचं. हे वाक्य पुढे चर्चमध्येसुद्धा वापरलं गेलं, गायकांच्या झग्यांवरून भांडण झालं तेव्हा.

म्हणजे काकांच्या फळ्या कापल्या की पेट्या घराण्याच्या. आणि घराण्याच्या पेट्यांना घराण्यातलं माणूस लागणार. घराण्यात पटाशी धरता येणारं माणूस एकच.

माझ्यासमोर याचं उदाहरण रोज भट्टीपुढं बसलेलं असायचं. देदे आत्या एकेकाळी ताकोराडीला शिवणकाम करायची. आजोबांच्या मयताला आली. तेव्हा मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्या कुणीतरी सांभाळायला हव्या होत्या. त्या ती अजून सांभाळते आहे. तिचं शिलाई मशीन कुणीतरी मागाहून आणून दिलं. त्यावर आता मिठाची पोती असतात.

"चांगलं लाकूड आहे," रात्रीचं वाढताना ती म्हणाली. आणखी काही नाही.

मला दुसरं लाकूड हवं होतं, पण बाजारात जाता येत नव्हतं. मी गटाराच्या अलीकडे उभी राहायची, पलीकडून हातगाड्या जायच्या. मग बातमी फुटली आणि लाकूडच माझ्याकडे यायला लागलं. जो तो काही ना काही घेऊन आला. उस्तादांच्या पेटीला आमचाही हात लागू दे, असं म्हणत. आणि प्रत्येकाच्या म्हणण्याला मागे एक शेपूट.

ओब्लिते प्लायवुड घेऊन आला. बंदरावर आलेलं, तेरा थरांचं, कडेनं पाहिलं तर पुस्तकाच्या पानांसारखं.

"प्लास्टिकवाल्याकडे प्लाय कसं?" मी विचारलं.

"मोकळ्या मनानं आणलं तर तू टोचून बोल. बापावर गेलीस." तो उंबऱ्यावर बसला. "हे बघ, पेट्या माझ्या नावावर. तुला माझ्या दुकानात निम्मी भागी. वर पाटी लावू, उस्तादांची लेक म्हणून. लोक धावत येतील."

"आणि मी कुठं राहू?"

"कुठं म्हणजे? इथं!"

पाद्रीबाबांनी चर्चचं मोडलेलं बाक पाठवलं. सोबत निरोप, की पेट्या नंतर देवाच्या कामी आल्या आणि शोर्मे बहिणीनं रविवारी त्यांच्याकडे पाहिलं तर स्वर्गात उस्तादांना किती बरं वाटेल. जाळ्यांची मालकीण आमा अटा हिनं फुटलेल्या होडीच्या फळ्या आणल्या. मी तिला म्हटलं, ही तर समुद्रानं टाकलेली, बेवारशी. ती भडकली.

"बेवारशी? अगं, समुद्रात माझा एक दोरा तुटला तरी तो माझा असतो! घ्यायची असेल तर माझी म्हणून घे. माझ्या बोटीच्या पूजेला पेट्या लागतात दरसाल, तू वाजवशील."

वावा झाडाचं लाकूड ते, एरवी हलकं असतं, पण वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन जड आणि बधिर झालेलं. वाईट नव्हतं.

मी सगळ्यांना म्हणायची, पारखून बघते. आणि अंगणातल्या भिंतीला फळ्या टेकवत जायची. भिंत भरत आली. प्रत्येक फळी घेऊन आलेलं माणूस त्या फळीमागे उभं असल्यासारखं वाटायचं. कुणाकडे पाठ करून बसावं ते कळायचं नाही.

पेटीचं लाकूड कसं असावं, याबद्दल बाबांचं म्हणणं साधं होतं. स्पीकर बोलतो, पेटीनं बोलू नये. पेटी थरथरली की ती आपलं घोडं पुढं दामटते; मग गाणारी बाई कोण आणि फळी कोण हे कळत नाही. म्हणून फळी ठोकून बघायची. टण् वाजली की नाही म्हणायचं. ठप्प वाजली की घरात घ्यायची.

मी ओडमची फळी दोन बोटांत लोंबती धरली आणि बोटाच्या पेरानं ठोकली. वर, मध्ये, खाली. मग प्लायवुड. मग बाक. ठोकताना हाताला आपोआप ठेका येतो, तो बाबांच्याही हाताला यायचा. सकाळची वेळ, गल्ली शांत, बंदीतली शांतता असते तशी, खोकलासुद्धा दाबून येणारी.

थोड्याच वेळात फाटकात वुलोमोंची, म्हणजे थोरल्या पुजाऱ्यांची, दोन माणसं उभी राहिली. गळ्यात पानं, हातात काठ्या. मोठा होता तो तेत्ते क्वाई, पूर्वी बंदरावर हमाली करायचा.

"ढोल कुठाय?" त्यानं विचारलं.

"ढोल नाही. लाकूड बघतेय."

"लाकूड डोळ्यानं बघतात."

"याचं कानानं बघायचं असतं."

"मग देवाचा मका काय नाकानं ऐकतो?" दुसरा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुश झाला.

आत्या भट्टीमागून आली, हात राखेनं पांढरे. "तेत्ते, तिचा बाप शीतघरात आहे. पोर पेटी करतेय त्याच्यासाठी."

तेत्ते क्वाईनं काठी खाली टेकली. "माझ्या लग्नात त्यांच्याच पेट्या होत्या," तो म्हणाला. "बायको अजून म्हणते, नवरा आठवत नाही पण बाजा आठवतो." मग त्याला आपलं काम आठवलं. "पण ठोकायचं नाही, बाई. पुन्हा ऐकू आलं तर फळ्या उचलून न्याव्या लागतील. माझ्या हातात नाही ते."

ते गेले. गल्ली पुन्हा बंद झाली.

आता ऐकताही येणार नव्हतं. मी खोलीत जाऊन जुना बारका स्पीकर काढला, रेडिओला जोडला, आवाज इतका कमी केला की कान लावला तरच मुंगी चालल्यासारखं कळावं. तो एकेका फळीच्या पाठीला दाबून धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं तळवा लावायचा. लहान असताना बाबा माझा तळवा असाच दाबून धरायचे आणि भुवई उडवायचे: थरथर आहे का? मी मान हलवायची: आहे.

दोन दिवस हेच केलं. ओडम खालच्या सुराला शहारत होता. प्लायवुड मधल्या. चर्चचं बाक वरच्या, जिथं बायकांचा आवाज चढतो तिथं. होडीची फळी जवळजवळ कशालाच नाही, फक्त एका जाड, तळाच्या सुराला, जणू झोपेत कूस बदलते. पूर्ण मुकी अशी एकही नव्हती. बाबा एका पेटीला एकाच झाडाचं लाकूड घ्यायचे आणि मग आतून आडव्या पट्ट्या मारून, वाळू भरून त्याला गप्प करायचे. कारण एका झाडाच्या सहा फळ्या एकाच सुराला एकदम ओरडतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओडमवर एक तळवा आणि प्लायवर दुसरा असा बसले असताना मला ते सुचलं. सहाही बाजूंना वेगवेगळं लाकूड लावलं तर प्रत्येक जण आपापल्या सुराला थोडंसं चुकेल, पण एकाच्या चुकीत दुसरा सूर मिसळणार नाही. पेटी गप्प राहील. हे इतकं सरळ होतं की बाबांनी का केलं नाही असा प्रश्न पडला. उत्तरही लगेच आलं. त्यांना एका पेटीचं लाकूड एकच माणूस, ते गिऱ्हाईक, आणून द्यायचा.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. सहा बाजू सहा जणांच्या असल्या तर पेटी कुणाची?

मी उठून माप घ्यायला लागले.

पुढची बाजू ओडमची. डावी ओब्लितेच्या प्लायची, उजवी होडीची. तळाला चर्चचं बाक. वरची बाजू कशाची करावी या विचारात होते, तर आत्या आपल्या स्वयंपाकघराच्या दाराचं अर्धं फळकूट घेऊन आली. मी नको म्हटलं.

"धूर बाहेर जायला बरं," ती म्हणाली. "एवढी वर्षं उगाच लावत होते."

दोन्ही पेट्या तशाच, जोडीच्या. करवतीचा आवाज होऊ नये म्हणून मी ओल्या फडक्यात धरून, हळूहळू कापलं. खिळा एकही नाही. खाचा, सरस आणि दोऱ्यांचे पीळ. काका रोज येऊन बघायचे. त्यांना पुढची ओडमची बाजू दिसायची आणि ते समाधानानं परत जायचे. भाऊ अजून शीतघरात, वीज जाते-येते, तिथला माणूस फोनवर काय सांगतो, हे ते जाताना सांगायचे. मी करवत चालू ठेवायची.

मागची बाजू राहिली. त्या दोन फळ्यांना माणूस नव्हता.

"तुझ्या पुस्तकांची मांडणी आहे ना," आत्या म्हणाली. "तिच्या फळ्या काढ. माप बसेल."

माप बसत होतं. मी न मोजता सांगू शकले असते. मी तेरा वर्षांची असताना बाबांनी पेट्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून ती केली होती, आणि मी कॉलेजला गेल्यावर आत्याच्या घरी आणून ठेवली, पुस्तकांसकट. माझ्या नावावर या गल्लीत असलेलं लाकूड तेवढंच. मी सगळी पुस्तकं उतरवून पलंगावर ठेवली. फळीवर त्यांच्या बुडांचे फिकट चौकोन उमटले होते. मी ती मांडीवर घेऊन बसले. बाबांच्या पेटीला माझं लाकूड असावं, ही गोष्ट इतकी वाजवी होती की त्यावर विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती लावली असती तर एक बाजू माझी झाली असती. मग पेट्या भाड्यानं जाताना मला विचारावं लागलं असतं. मला इथं असावं लागलं असतं, विचारण्यापुरतं तरी.

संध्याकाळी मी फळ्या परत बसवल्या आणि पुस्तकं होती तशी लावली.

"का गं?" आत्यानं विचारलं.

"वाळवी आहे."

तिनं फळीखालून हात फिरवला. शेवटपर्यंत. मग हात लुगड्याला पुसला आणि भट्टीकडे निघून गेली. रात्री तिनं मला वाढलं, पण माझ्या शेजारी बसली नाही.

मागची बाजू शेवटी तेत्ते क्वाईनं आणली. पेट्यांचं काय झालं ते बघायला आला होता. मागून उघड्या बघून गेला आणि निवडणुकीतल्या जाहिरातीचा एक तक्ता खांद्यावर घेऊन आला. त्याच्या घराचं छप्पर होतं ते. त्यावर कुणा उमेदवाराचा अर्धा चेहरा, दात सगळे शाबूत.

"हा पडला होता," तेत्ते म्हणाला. "निदान कुठंतरी बसू दे बिचाऱ्याला."

मी तो हसरा भाग आत वळवला आणि सरस लावला. आवळताना हात थांबला. बंद झाली की पेटी पुन्हा उघडायची नसते. आणि पेटी बंद झाली की काका बाबांना आणायला गाडी सांगणार होते. खूप वेळ मी दोऱ्याचं टोक धरून उभी होते. सरस सुकायला लागला. मग मी पीळ दिला.

बंदी उठली. आधी पुजाऱ्यांचा ढोल वाजला, मग सगळं शहर एकदम. शनिवारी बाबांना पुरलं. त्याआधी रात्रभर, नंतर दिवसभर पेट्या वाजल्या. मी एकदा जाऊन बाजूला तळवा लावला. फळी गप्प होती. बाईचा आवाज बाईचाच येत होता. ओब्लिते दुसऱ्या पेटीशी उकिडवा बसून तेच करत होता. आमची नजरानजर झाली तर त्यानं भुवई उडवली. मी मान हलवली: नाही. तो रडायला लागला, मोठ्यानं, पुरुष मयतात रडतात तसा. मी नाही रडले. मला लोकांना पाणी द्यायचं होतं.

रविवारी आभाराची प्रार्थना झाल्यावर सगळे अंगणात बसले. काकांनी बाटली जवळ घेतली. "आता पेट्यांचं," ते म्हणाले. "ओडम माझा. घराच्या पेट्या."

"आणि डावीकडे काय आहे, काका?" ओब्लिते म्हणाला. "तेरा थर. मोजून घ्या."

"उजवीकडे माझी बोट!" आमा अटा ओरडली.

"मंडळी, देवाचं बाक खाली आहे," पाद्रीबाबा म्हणाले, "सगळा भार त्यानं उचललाय."

"पुढची बाजू ज्याची त्याची पेटी," काका गरजले.

"हे कधी ठरलं?" ओब्लिते म्हणाला. "उस्ताद असं कधी म्हणाले नाहीत. लाकूड म्हणाले. बाजू नाही म्हणाले."

तेत्ते क्वाई कोपऱ्यातून म्हणाला, "माझ्या छपराचं पाणी गळतंय, तेवढं लक्षात असू दे."

हशा झाला. काकाही हसले. पण ते म्हातारे आहेत आणि त्यांनी पुष्कळ वाद मिटवले आहेत. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, काठीनं एकेक बाजू दाखवली आणि म्हणाले, "बरं. सगळ्यांची. सगळ्यांच्या मयताला, सगळ्यांच्या बोटीला, देवाला, सगळ्यांना फुकट. पण सगळ्यांची वस्तू कुणाला तरी सांभाळावी लागते."

बोलता बोलता त्यांनी कारखान्याची किल्ली बाटलीशेजारी ठेवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रेमानंच बघत होते. आत्या तेवढी भट्टीकडे बघत होती.

"काका," मी म्हणाले, "यात माझी फळी कुठली?"

काका पेटीकडे वळले. पुढं, डावीकडे, उजवीकडे. वाकून तळ पाहिला. मागे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"तू बनवलीस की गं."

"बनवली. लाकूड माझं नाही. मी कारागीर."

बापाच्या पेटीत लेकीची एकही फळी नाही, हे प्रत्येकानं आपापल्या मनाशी एकदा म्हणून पाहिलं असावं. आमा अटानं तोंडावर हात ठेवला. ओब्लिते म्हणाला, "उस्तादांच्या पेट्या, आणि तू..." आणि थांबला.

काकांनी किल्ली उचलली. जरा वेळ मुठीत धरली. मग ती ओब्लितेकडे सरकवली आणि आत बघून हाक मारली, "देदे! कारागिराचं पान वाढ."

काम पुरं झालं की कारागिराला गिऱ्हाइकाच्या अंगणात, सगळ्यांसमोर, एकट्यालाच जेवायला बसवतात. तो जेवून उठला की हिशेब फिटला. त्याचा पेटीशी काही संबंध उरत नाही. बाबा असे शेकडो अंगणांत जेवले असतील. आत्यानं स्टूल आणलं, त्यावर ताट ठेवलं: दोन केंकी, म्हणजे पानात बांधून उकडलेले आंबवलेल्या मक्याचे गोळे, तळलेला मासा, कुटलेली मिरची. पाण्याचा तांब्या. मासा मोठा होता, तिनं भट्टीवर मागे राखून ठेवलेल्यातला.

मी बसले. केंकीचं पान सोडलं. पहिला घास तोंडात टाकला. मी पाण्याचा घोट घेतला. समोर सगळे माझ्याच घरचे, एकही जण जेवत नव्हता, आणि मी कुणा परक्या गावात मजुरीला आल्यासारखी त्यांच्यापुढं जेवत होते. अर्धवट टाकून उठले असते तर हिशेब अर्धवट राहिला असता.

"खा," आत्या म्हणाली. माझ्या मागे उभी होती. "काट्याकडे बघून खा."

मी मासा संपवला. दुसरी केंकी सोडली.